जर्मनीत घर लावताना: आधी पत्ता, मग संसार

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत तुम्ही क्वालिटीचं काम बघता, स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत निवड झाली आहे आणि दोन महिन्यांनी निघायचं आहे. पहिला महिना कंपनी सामानासह एक खोली देणार आहे. कोल्हापुरात असतानाच ऑनलाइन बघून फ्लॅट पक्का करावा, वहिनींना आणि चार वर्षांच्या मुलीला सोबतच न्यावं, म्हणजे एकदाच काय ती धावपळ, असा तुमचा विचार आहे. आणि भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण काय काय न्यावं, हे तुम्ही विचारलंय.

सामानाचं शेवटी सांगते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. मी स्टुटगार्टच्या परिसरात बरीच वर्षं राहिले. आता राजारामपुरीत जर्मन शिकवते आणि तिकडे जाणाऱ्यांसोबत बसून त्यांचे भाडेकरार वाचते. 2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग, म्हणजे स्टुटगार्ट ज्यात येतं ते जर्मन राज्य, यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून तुमच्यासारखे प्रश्न माझ्याकडे जास्त येतात. बहुतेकांचं लक्ष बॅगेच्या वजनावर असतं. अडतं मात्र दुसरीकडेच. कागदावरचा पत्ता वेळेत होत नाही, आणि मिळालेलं घर आपल्या सवयीने वापरलं की खराब होतं. म्हणून माझा सल्ला असा: तुम्ही एकटे जा, पत्ता करा, घर काही आठवडे स्वतः वापरून बघा आणि मग वहिनींचं तिकीट काढा.

यात परिस्थितीप्रमाणे फरक पडतो, हे आधीच सांगते. खुद्द स्टुटगार्टात घरांची टंचाई मोठी आहे. लोकल गाडीने अर्ध्या-पाऊण तासावरच्या गावांत त्या मानाने लवकर जमतं. कंपनीने घर शोधून द्यायला एजन्सी नेमली असेल, तर तुमचा निम्मा त्रास वाचेल. आणि कंपनी एका महिन्याऐवजी तीन-चार महिने कुटुंबासाठीचं घर देत असेल, तर माझा सल्लाही बदलेल, मग सगळे एकत्र जा. एजन्सी आहे का आणि घर किती महिने मिळेल, हे दोन्ही प्रश्न एचआरला आजच ईमेल करून विचारा.

आता इथूनच फ्लॅट ठरवण्याबद्दल. हे करू नका. जाहिरातीत फोटो सुंदर, भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा कमी, मालक म्हणतो की मी सध्या दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल. हा फसवणुकीचा ठरलेला प्रकार आहे आणि दूर बसून घर शोधणारा माणूस त्यात सहज सापडतो. तुम्ही स्वतः किंवा तिथल्या विश्वासाच्या माणसाने घरात पाऊल ठेवून बघितल्याशिवाय आणि करारावर सह्या झाल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. नुसतं घर दाखवायचे पैसे कोणी मागितले तरी देऊ नका. भाड्याच्या घराला 2015 पासून नियम असा आहे की ज्याने दलाल नेमला त्यानेच दलाली द्यायची, आणि दलाल बहुतेक वेळा मालकानेच नेमलेला असतो.

प्रामाणिक मालकही न बघता घर देत नाही. एका घराला भरपूर अर्ज येतात, त्यातून तो माणूस निवडतो. आपल्याकडे शिवाजी पेठेत अमक्याचा पाव्हणा म्हटलं की खोली मिळते. तिथे तुमच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नसतं, ते काम कागदांना करावं लागतं. नोकरीचा करार, पासपोर्ट आणि व्हिसा, पगाराच्या शेवटच्या तीन स्लिपा आणि शूफा, म्हणजे आपल्या सिबिलसारखा पतदाखला, हा नेहमीचा संच. तुमच्याकडे स्लिपा नसतील आणि शूफात काही नोंदही नसेल. ते लपवू नका. त्याऐवजी कायम नोकरी आहे आणि पगार इतका आहे, असं एचआरचं पत्र जोडा. सोबत जर्मनमध्ये एक पानभर स्वतःची ओळख लिहा: काय काम करता, घरात कोण कोण, सिगारेट ओढत नाही, पाळीव प्राणी नाही, किती वर्षं राहायचा विचार आहे. माझ्याकडच्या लोकांना या एका पानाचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

शोधताना खोल्यांचा हिशेब लक्षात ठेवा. तिथे हॉलही खोलीतच मोजतात, स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजत नाहीत. आपला टू बीएचके म्हणजे तिथलं तीन खोल्यांचं घर. तुम्ही दोन खोल्यांचं शोधत बसाल आणि हाती वन बीएचके येईल.

पत्त्याचं नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत जाऊन आपली नोंद करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी 'हा माणूस माझ्या घरात राहायला आला' असं घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं, नुसता भाडेकरार चालत नाही. ही नोंद झाली की काही आठवड्यांनी तुमचा करक्रमांक पोस्टाने येतो. तो कंपनीला दिला नाही तर पगारातून कर जास्त कापला जाऊ शकतो. पुढे तो परत मिळतो, पण पहिल्याच महिन्यात हात आखडतो. बँक, रहिवासी परवाना, मुलीच्या बालवाडीचा अर्ज, सगळीकडे हीच नोंद मागतात. म्हणून कंपनीच्या त्या खोलीवर आनमेल्डुंग करता येईल का, हेही एचआरला विचारा. काही तात्पुरत्या खोल्यांचे मालक हे पत्र देत नाहीत. देत असतील तर उत्तम, पहिल्याच आठवड्यात नोंद करून टाका आणि पुढे फ्लॅट मिळाला की नवीन पत्त्याची नोंद करा.

याला जोडूनच एक बारीक गोष्ट. तिथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर आणि खालच्या बेलवर तुमचं नाव नसेल तर करक्रमांकाचं पत्र, बँकेचं कार्ड, सगळं परत जातं. किल्ली मिळाली त्या दिवशीच कागदावर ठळक अक्षरांत आडनाव लिहून ते चिकटपट्टीने दोन्हीकडे लावा. छापील पाटी मालक सवडीने करून देईल. वहिनींच्या पासपोर्टावर माहेरचं आडनाव असेल तर तेही लिहा.

भाड्याचे आकडे दोन असतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं घराचं भाडं. वार्ममीटे म्हणजे त्यात पाणी, कचरा, जिना साफसफाई आणि बहुधा हीटिंग यांची अंदाजे रक्कम मिळवून होणारा आकडा. वीज आणि इंटरनेट बहुतेक ठिकाणी त्याहूनही वेगळे. शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरामागे दरमहा 18.36 युरो, घरात टीव्ही असो वा नसो. नोंद झाली की तिचं पत्र येतं, ते फसवणुकीचं समजून फेकू नका. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं, म्हणजे काल्टमीटे 900 असेल तर 2700 युरोपर्यंत, आणि ते तीन मासिक हप्त्यांत भरायचा तुम्हाला हक्क आहे. अंदाजे घेतलेल्या रकमेचा हिशेब वर्षातून एकदा होतो. पहिल्या हिवाळ्यात हीटर अंदाधुंद चालवला तर पुढच्या वर्षी फरकाचं मोठं बिल येतं, तेव्हा थोडे पैसे त्यासाठी बाजूला असू द्या.

'रिकामं घर' म्हणजे तिथे खरोखर रिकामं. बऱ्याच घरांत ओटा, सिंक, कपाटं काहीच नसतं, भिंतीतून नळाची टोकं बाहेर आलेली असतात आणि छतातून दिव्याच्या वायरी लोंबतात. जुना भाडेकरू त्याचं स्वयंपाकघर तुम्हाला विकू पाहत असेल तर नवीन बसवण्यापेक्षा ते सहसा परवडतं. फक्त वस्तूंची यादी आणि पैशांची पावती घ्या. जाहिरातीत 'आइनबाउक्युशे' असं दिसलं तर स्वयंपाकघर आहे. पहिल्या घरासाठी मी तरी तेच शोधायला सांगते, जरा महाग पडलं तरी.

किल्ली घेताना मालकासोबत घरभर फिरून एक तक्ता भरतात. तुम्ही क्वालिटीचं काम करता, तेव्हा हे तुम्हाला शिकवायला नको: कारखान्यात आलेला माल जसा तपासता तसं हे घर तपासा. प्रत्येक खिडकी पूर्ण उघडून, तिरकी करून (तिथली खिडकी वरच्या बाजूने थोडी आत कलतीही करता येते), बंद करून बघा. बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांतला सिलिकॉन कुठे सुटलाय का, खिडकीच्या कोपऱ्यात काळे ठिपके आहेत का, लाकडी जमिनीवर ओरखडे कुठे आहेत, हे सगळं तक्त्यात लिहून घ्या आणि फोटो काढा. मीटर किती आहेत ते विचारा. विजेचा बहुधा तळघरात असतो, पाण्याचे सिंकखाली किंवा बाथरूमच्या भिंतीत, आणि प्रत्येक रेडिएटरवर बोटभर रुंदीची पांढरी डबी असू शकते, ती उष्णतेची नोंद ठेवते. मीटरचा क्रमांक आणि आकडा एकाच फोटोत यायला हवा. किल्ल्या किती मिळाल्या तेही लिहा. काही इमारतींत एकच किल्ली खालचं दार, तळघर आणि घर सगळं उघडते. ती हरवली तर अख्ख्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो. यासाठी आणि एकूणच, खासगी दायित्व विमा पहिल्याच आठवड्यात काढा. त्याला प्रीवाटहाफ्टप्फ्लिष्ट म्हणतात. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरून देतो. भाड्याच्या घराचं नुकसान आणि हरवलेली किल्ली त्यात धरली आहे ना, हे विचारून घ्या.

इथपर्यंत कागद झाले. आता घर वापरण्याबद्दल, आणि हे वहिनींनाही वाचायला द्या.

पहिलं पाणी. तिथल्या बहुतेक बाथरूममध्ये जमिनीला मोरीसारखा निचरा नसतो. पाणी फक्त शॉवरच्या चौकोनात किंवा टबमध्येच पडायला हवं. बादली-तांब्याने आंघोळ करायची असेल तर टबच्या आत बसून करा. घरात बादलीने पाणी ओतून फरशी धुवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. संडासात पाण्यासाठी साधी पिचकारीची बाटली ठेवा, नळाला आपणच हँड शॉवर जोडायला जाऊ नका. जुन्या इमारतींत दोन मजल्यांमध्ये लाकडी तुळया असतात. जमिनीवरचं पाणी सांध्यातून आत मुरतं आणि काही आठवड्यांनी खालच्यांच्या छतावर पिवळा डाग उमटतो. अशी बरीच भांडणं मी मिटवायला गेले आहे, आणि त्यात कोणाचीच दांडगाई नव्हती, मोरी नसलेली न्हाणी आपल्या माणसाच्या कल्पनेतच नसते.

दुसरी हवा. कोल्हापुरात दारं-खिडक्या दिवसभर उघड्या असतात, घर कोंदतं हे आपल्याला माहीतच नसतं. तिथली घरं थंडीसाठी घट्ट बंद केलेली. आपण कुकर लावतो, भात शिजवतो, कपडे घरात वाळत घालतो, ती सगळी वाफ थंड भिंतीवर जमते आणि बुरशी धरते. बुरशी आली की मालक म्हणतो तुम्ही खिडक्या उघडल्या नाहीत, आणि तिथून डिपॉझिटवर भांडण लागतं. उपाय सोपा आहे: दिवसातून तीन-चार वेळा समोरासमोरच्या खिडक्या पाच ते दहा मिनिटं सताड उघडायच्या, तेवढा वेळ हीटर बंद ठेवायचा आणि मग खिडक्या पूर्ण लावायच्या. थंडीत खिडकी तासन्‌तास तिरकी ठेवण्याने हवा फार बदलत नाही, भिंत मात्र गार पडते आणि बिल वाढतं. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, चार-पाच बोटं जागा सोडा. हीटरच्या चक्रीवर 1 ते 5 आकडे असतात. 3 म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, ती फक्त जास्त तापेपर्यंत हीटर चालू राहतो. आणि बाहेर जाताना चक्री पार बंद करू नका, 2 वर असू द्या, थंड पडलेल्या भिंतींवरच ओल धरते.

मग फोडणी. कांदा-लसूण चटणीसाठी मिरच्या आणि सुकं खोबरं भाजलं की स्मोक अलार्म वाजणार हे धरून चाला. अलार्म तिथे कायद्याने बसवलेला असतो, तो काढायचा नाही, त्यावर पिशवीही बांधायची नाही. बऱ्याच घरांतली चिमणी धूर बाहेर टाकत नाही, गाळून पुन्हा घरातच सोडते. म्हणून आधी खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि मग भाजा. धूर झाला म्हणून जिन्याकडचं दार उघडणं सगळ्यात वाईट, तो वास चार मजले चढतो. एरवीही ते दार ओढताना किल्ली खिशात आहे ना बघा. ते बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, आणि रात्री कुलूपवाल्याला बोलावणं फार महाग पडतं.

शेजाऱ्यांशी पहिल्याच आठवड्यात बोला. संध्याकाळी बेल वाजवून, आम्ही वरच्या मजल्यावर नवीन आलोय, भारतातून आलोय, लहान मुलगी आहे, एवढं जर्मनमध्ये सांगा. चार वाक्यं पाठ करून जा, मोडकीतोडकी चालतात. पुढे मुलगी धावली, आवाज झाला, तर तक्रार आधी तुमच्यापर्यंत येते, थेट मालकाकडे जात नाही. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवार दिवसभर. रविवारी ड्रिल नाही, काही इमारतींत वॉशिंग मशीनही लावायचं नाही. काचेच्या बाटल्यासुद्धा त्या दिवशी रस्त्यावरच्या काचेच्या डब्यात टाकत नाहीत. मिक्सर दिवसा फिरवा. दुकानंही रविवारी बंद, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आणायची.

तुमच्या भागाची एक खास रीत म्हणजे केरवोखे. आठवडा वाटून घेऊन प्रत्येक घराने जिना, तळघराची वाट, कधी समोरचा फुटपाथही झाडायचा. तुमची पाळी आली की दाराला एक लाकडी किंवा पुठ्ठ्याची पाटी अडकवलेली दिसेल. ती मनापासून पाळा. स्वाबियन, म्हणजे स्टुटगार्टच्या भागातला माणूस मितभाषी, पण झाडलेला जिना त्याच्या लक्षात येतो. हिवाळ्यात पाळीच्या आठवड्यात बर्फ पडला तर पहाटे उठून वाट मोकळी करायची, कारण तिथे कोणी घसरलं तर जबाबदारी येते. कचऱ्याच्या डब्यांचे रंग गावागणिक थोडे बदलतात, म्हणून नगरपालिकेतून वेळापत्रक घ्या. प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन फेकू नका, बहुतेकांवर 25 सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये परत मिळते.

आता वहिनींचं. तुम्ही दोघं वेगळं राहण्याच्या विचाराने अस्वस्थ आहात, हे तुमच्या लिहिण्यातून जाणवलं. घरची मोठी माणसंही म्हणत असतील की एकट्याचे जेवणाचे हाल होतील. तरीही मी दोन-तीन महिन्यांचं अंतर ठेवायला सांगते, कारण तिथे गेल्यावर तुम्हाला नोकरी आहे, सहकारी आहेत. वहिनींचा दिवस मात्र त्या चार भिंतींत जाणार. कंपनीच्या एका खोलीत, सुटकेस न उघडता, मुलीला 'आवाज करू नको' म्हणत काढलेला महिना माणसाला आतून थकवतो, आणि त्या देशाबद्दलचं मत तिथेच ठरून जातं. त्या ऐवजी त्या उतरतील तेव्हा बेलवर त्यांचं नाव असावं, मुलीचा पलंग लागलेला असावा आणि जवळचं खेळाचं मैदान कुठे हे तुम्हाला माहीत असावं. नोंद झाली की लगेच बालवाडीचा अर्ज करा. जागेचा हक्क कायद्याने आहे, पण जागा कमी आहेत आणि वाट बघावी लागते. दरम्यान वहिनींनी इथे जर्मनची पहिली पातळी पूर्ण करावी. दुकानात, डॉक्टरकडे, बालवाडीच्या दारात त्यांना तुमची वाट बघावी लागणार नाही.

उरलं सामान. स्टीलच्या तळाचा, इंडक्शनवर चालणारा कुकर न्या, नुसता ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापत नाही. त्याची जास्तीची रबरं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह न्या. पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा, चटणी, गूळ चालेल. तूप, पेढे, मांसाचं काहीही नेऊ नका, दुधा-मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला बंदी आहे. मिक्सर तिथल्या विजेवर चालतो, फक्त आपली तीन पिनांची प्लग बसत नाही, अर्थिंग असलेला चांगला अडॅप्टर घ्या. गाद्या, रजया, ताटं इथून वाहून नेण्यात अर्थ नाही. पलंग, कपाट, टेबल जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात स्वस्त आणि चांगलं मिळतं, बरेचदा 'घेऊन जा' म्हणून फुकटही. विवाहाचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला मूळ प्रतीत, हातातल्या बॅगेत ठेवा आणि त्यांची जर्मन भाषांतरं मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

भाडेकराराचा मसुदा हाती आला की सही करण्याआधी मला पाठवा, नाहीतर तिथल्या भाडेकरू संघटनेचे, म्हणजे मीटरफेराइनचे, सभासद व्हा. वर्षाची वर्गणी भरली की ते करार वाचून देतात. त्यात घर सोडायची मुदत, रंगकामाची अट आणि 'किमान इतकी वर्षं सोडता येणार नाही' असं काही कलम आहे का, ही तीन ठिकाणं आधी शोधा. भाडेकरूने सोडायची मुदत साधारणपणे तीन महिन्यांची असते. त्याहून जास्त बांधून घेत असतील तर कारण विचारा.